कारखान्यातला कॉम्प्युटर घेताय? आधी त्याची मागची बाजू बघा

गेल्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीवाल्या (धातू वितळवून कास्टिंग ओतणाऱ्या कारखान्याच्या) दादांचा फोन आला, "जरा येऊन जावा, दोन कोटेशनं आल्यात आणि काय कळंना झालंय." गेलो. एका कागदावर ऑफिसात लावतात तसला डेस्कटॉप, प्रोसेसर दणकट, १६ जीबी रॅम. दुसऱ्यावर जेवणाच्या डब्याएवढा, पंखा नसलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, प्रोसेसर साधाच, ८ जीबी रॅम, आणि किंमत पहिल्याच्या दुपटीहून जास्त. दादांचं म्हणणं सरळ होतं, "डोकं कमी आणि पैसे जास्त, हे कुठलं गणित?"

प्रश्न रास्त आहे. गोकुळ शिरगावात, कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीमध्ये, उद्यमनगरातल्या छोट्या गाळ्यातसुद्धा लोकांनी मला हाच प्रश्न विचारलाय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. माझं काम म्हणजे मशीनी कॉम्प्युटरला जोडून द्यायच्या, आणि ह्या कामात राहून माझं मत पक्कं झालंय की कारखान्याचा कॉम्प्युटर घेताना प्रोसेसर सगळ्यात शेवटी बघायचा, आधी त्याला फिरवून मागची बाजू बघायची. कुठली वायर कुठं लागणार, किती लागणार, आणि उद्या आणखी चार वाढल्या तर त्यांना जागा आहे का.

मग दादांना म्हटलं, कागद-पेन घ्या आणि चला शॉपमध्ये (म्हणजे मशीनींच्या शेडमध्ये), ह्या कॉम्प्युटरला काय काय जोडायचंय ते चालत चालत लिहू. तासाभरात यादी झाली. भट्टीच्या पॅनेलवरचे आणि इकडचे तिकडचे मिळून सहा एनर्जी मीटर, धातूचं तापमान दाखवणारा डिस्प्ले, लॅबमधला स्पेक्ट्रोमीटर (धातूत काय काय किती आहे ते सांगणारा), गेटवरचा वजनकाटा, पलीकडच्या शेडमधल्या दोन जुन्या सीएनसी (प्रोग्रॅमवर आपोआप धातू कापणाऱ्या मशीनी), वाळूच्या मिक्सरचा चालू-बंदचा सिग्नल, आणि "पुढच्या वर्षी कास्टिंग तपासायला कॅमेरा लावायचाय" हे दादांनी शेवटी घातलं. आता डेस्कटॉपच्या मागं काय होतं? सहा यूएसबी, एक लॅन, स्क्रीनची दोन सॉकेटं आणि हेडफोनची भोकं. यादीतल्या निम्म्या गोष्टींना आत यायला दारच नव्हतं.

तर एकेक दार बघूया.

सगळ्यात जुनं दार सिरियल पोर्टचं, ९ पिनांचं, ज्याला आपण कॉम पोर्ट म्हणतो. त्याचं आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० सालचं, घरच्या कॉम्प्युटरवरनं ते कधीच गेलं, पण कारखान्यात आणि आपल्या गावोगावच्या दूध संस्थांत अजून ठणठणीत आहे. सकाळी संस्थेत दूध घालायला गेलात की बघा, काट्यावर कॅन ठेवला की वजन आपोआप कॉम्प्युटरवर येतं, फॅट मशीनचा आकडा येतो आणि पावती निघते, हे सगळं बऱ्याच ठिकाणी ह्याच वायरीवरनं चालतं. काम चालायला तीनच वायरी पुरतात, एक बोलायची, एक ऐकायची, एक ग्राऊंड म्हणजे शून्य व्होल्टची. कॉम्प्युटरच्या ९ पिनांत २ नंबर ऐकायची, ३ नंबर बोलायची आणि ५ नंबर ग्राऊंड. वायरीवर अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट आले की तो शून्य, वजा ३ ते वजा १५ आले की तो एक, आणि मधल्या पट्ट्यात काय आलं तर त्याचा भरवसा नाही. म्हणूनच वायर लांबली, व्होल्ट पडले किंवा बाहेरचा गोंगाट मिसळला की आकडे बिघडतात. हिशोबाला १५ मीटर धरायचं, आणि एका पोर्टवर एकच उपकरण.

सीएनसीवाल्यांना हे पोर्ट चांगलं ओळखीचं आहे. जुन्या कंट्रोलरची मेमरी कमी, मोठा प्रोग्रॅम आत मावत नाही, मग कॉम्प्युटरवरनं तो थोडा थोडा पाजत मशीन चालवायची. स्पीड ९६०० ठेवला तर सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे १० लाख अक्षरांचा प्रोग्रॅम जायला सतरा मिनिटांच्या वर लागतात. आजच्या मानानं हे अगदीच सावकाश वाटतं, पण मशीन त्याच वेगानं कापत असते, त्यामुळं काही अडत नाही. अडतं ते सेटिंगमध्ये. दोन्ही बाजूंचा स्पीड, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) सारखे पाहिजेत, एक जरी इकडचं तिकडं झालं तरी स्क्रीनवर भलतीच अक्षरं येतात आणि ऑपरेटर म्हणतो केबल खराब आहे.

आता एनर्जी मीटर. सहा मीटर आहेत म्हणून सहा पोर्ट लागतील का, तर नाही, कारण मीटर बोलतात आरएस-४८५ वर. हे १९८३ चं. ह्यात आकडा ओळखायला ग्राऊंडपासून व्होल्ट मोजत नाहीत, दोन वायरींमधला फरक मोजतात, आणि सगळी गंमत ह्यातच आहे. रंकाळ्यात दोन होड्या शेजारी शेजारी आहेत असं समजा, लाट आली की दोन्ही सारख्याच वर जाणार, पण एका होडीतला माणूस दुसऱ्यापेक्षा किती उंच दिसतोय हे लाटेनं बदलत नाही. वायरींचंही तसंच. दोन वायरी एकमेकींना पीळ घालून नेल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच बसतो आणि फरक घेताना उडून जातो. त्यामुळं ही लाईन कमी स्पीडला १२०० मीटरपर्यंत जाते आणि मूळ हिशोबानं एका लाईनवर ३२ उपकरणं बसतात, हल्लीच्या चिप असतील तर त्याहून जास्त.

एवढी सगळी एकाच दोरीवर, मग गोंधळ होत नाही का? होत नाही, कारण वरनं मॉडबस नावाची शिस्त असते, १९७९ पासूनची. कॉम्प्युटर एकेकाला नंबर घेऊन विचारतो, ३ नंबर, तुझे युनिट किती झाले? फक्त ३ नंबरच उत्तर देतो, बाकीचे गप्प. शाळेतल्या हजेरीसारखं. नंबर १ ते २४७ पर्यंत देता येतात, आणि दोघांना एकच नंबर पडला की दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही, नवीन मीटर बसवल्यावर लाईन बंद पडली तर मी पहिल्यांदा हेच तपासतो.

इथं वायरमनकडनं ज्या चुका होतात त्या सांगतो कारण ह्यातच दिवसच्या दिवस जातात. लाईन एका मीटरवरनं दुसऱ्यावर, दुसऱ्यावरनं तिसऱ्यावर अशी माळेसारखी न्यायची, लाईटच्या वायरिंगसारखी एका डब्यातनं चारीकडं फाटे फोडून न्यायची नाही. माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा, मधल्यांना नाही, तो नसला तर लांब लाईनीत सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि नव्या सिग्नलमध्ये मिसळतो. आणि टर्मिनलवर ए आणि बी लिहिलेलं असतं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, सगळे मेकर एकाच वायरीला ए म्हणत नाहीत, सगळं बरोबर असून उत्तर येत नसेल तर दोन्ही वायरी अदलाबदल करून बघायच्या, त्यानं काही जळत नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो ते. आयसोलेशन.

एका फौंड्रीत मीटरचं रीडिंग दिवसभर नीट यायचं आणि हीट (धातू वितळवायची खेप) चालू झाली, भट्टी फुल पॉवरला गेली की आकडे तुटायचे. तिथल्या लोकांनी दोन महिने सॉफ्टवेअरवाल्याला बोल लावला. जाऊन बघितलं तर मीटरची बारीक केबल भट्टीच्या पॉवर केबलच्याच ट्रेमधनं गेलेली, आणि कॉम्प्युटरला लावलेलं आरएस-४८५ पोर्ट अगदी साधं. इंडक्शन फर्नेसला करंट प्रचंड लागतो आणि तो ५० हर्ट्झचा सरळ लाईनचा करंट राहत नाही, पॅनेलमध्ये तो डीसी होतो आणि परत शेकडो हर्ट्झवर फिरवला जातो, ह्या उलाढालीत जो गोंगाट तयार होतो तो शेजारच्या वायरीत घुसतोच. केबल वेगळ्या मार्गानं नेली, जिथं पॉवर केबल ओलांडायची तिथं काटकोनात ओलांडली, शील्ड (केबलीवरचं धातूचं वेष्टन) एकाच टोकाला अर्थ केलं आणि पोर्ट आयसोलेटेड घेतलं. त्यानंतर आकडे तुटले नाहीत.

आयसोलेटेड म्हणजे काय, तर पोर्टमध्ये आलेली वायर आणि कॉम्प्युटरचं आतलं सर्किट ह्यांच्यात तांब्याचा थेट सांधाच ठेवायचा नाही, मध्ये उजेडानं नाहीतर चुंबकानं निरोप पोचवणारी चिप घालायची. निरोप पलीकडं जातो, वीज जात नाही. हे का लागतं बघा. तुमच्या एका शेडची अर्थिंग एका खड्ड्यात, दुसऱ्या शेडची दुसऱ्या खड्ड्यात, आणि कागदावर दोन्ही शून्य व्होल्ट. पण जमिनीत कुठं लिकेज करंट गेला, वेल्डिंग चालू झालं, किंवा मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि जवळपास वीज पडली, की त्या दोन शून्यांत कितीतरी व्होल्टचा फरक पडतो. आरएस-४८५ ची चिप वजा ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा फरक सोसते, त्याच्या पलीकडं गेलं की आधी आकडे चुकतात आणि मग पोर्ट जळतं. पोर्ट एकटं जळलं तर नशीब, कधी कधी त्याच्या वाटेनं मदरबोर्डच जातो.

कोटेशनात "२ केव्ही आयसोलेशन" किंवा "२.५ केव्ही" (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) असा बारीक अक्षरात एक शब्द असतो, किमतीतला बराच फरक तिथं आहे, आणि माझ्या मते तो पैसा सगळ्यात सार्थकी लागतो. दोन शेडमधनं लाईन न्यायचीच असेल तर मात्र आयसोलेशनवरही थांबू नका, सरळ फायबर टाका. काचेच्या तंतूतनं उजेड जातो, वीज पडली तरी त्यातनं करंट येत नाही, आणि फायबर आता काही एवढं महागही राहिलेलं नाही.

लॅन पोर्ट सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही, पण तीन गोष्टी. तांब्याची केबल नेटवर्क स्विचपासून (लॅनच्या वायरी एकत्र येतात त्या डब्यापासून) १०० मीटरपर्यंतच. दुसरं, कारखान्याच्या कॉम्प्युटरला निदान दोन वेगवेगळी लॅन पोर्ट पाहिजेतच, एक मशीनींच्या नेटवर्कसाठी आणि एक ऑफिसच्या, म्हणजे ऑफिसात कुणी भलतीच फाईल उघडली तर ती सरळ सीएनसीपर्यंत चालत जायची वाट राहत नाही, अर्थात कॉम्प्युटरमध्ये दोन्ही नेटवर्क एकमेकांना जोडून ठेवली नाहीत तर. २०१७ साली वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा जगभरात मोटारींच्या कारखान्यांच्या लाईनी बंद पडल्या होत्या, कारण जुनी विंडोज असलेले शॉपमधले कॉम्प्युटर त्याच जाळ्यात होते. तिसरं म्हणजे पीओई, लॅनच्याच वायरीतनं वीज पण जाते. २००३ च्या मूळ स्टँडर्डप्रमाणं पोर्टमागं १५.४ वॉट, २००९ च्या पुढच्या स्टँडर्डप्रमाणं ३० वॉट. कॅमेऱ्याला वेगळी पॉवर वायर ओढायची गरज राहत नाही, आणि गरम धूळभरल्या जागेत जेवढ्या वायरी कमी तेवढं बरं.

कॅमेऱ्याचं एक गणित मात्र करून ठेवा. ५ मेगापिक्सेलचा काळापांढरा कॅमेरा एका फोटोला साधारण ५ एमबी देतो, सेकंदाला २० फोटो काढले तर १०० एमबी झाले, आणि गिगाबिट लॅनची सगळी ताकद सेकंदाला १२५ एमबी. म्हणजे एका कॅमेऱ्यानंच पोर्ट भरलं. दुसरा कॅमेरा त्याच स्विचवर टाकून एकाच पोर्टातनं आत आणला तर फोटो गळणार, आणि ते सुटे गळतात, रोज नाही, त्यामुळं शोधायला त्रास होतो. प्रत्येक कॅमेऱ्याला त्याचं स्वतःचं पोर्ट द्यायचं.

मिक्सर चालू का बंद, दार उघडं का मिटलेलं, दिवा लाव, हूटर वाजव, असल्या साध्या हो-नाहीच्या गोष्टींना डिजिटल इनपुट-आऊटपुट लागतं, आपल्याकडं सगळे डीआयओ म्हणतात. कारखान्यात हे २४ व्होल्टवर चालतं. सेन्सर पीएनपी आहे का एनपीएन हे घेण्याआधी बघा, पीएनपी सेन्सर अधिक २४ बाहेर देतो, एनपीएन वायर शून्याकडं ओढतो, आणि चुकीचा जोडला तर दिवा लागतो पण कॉम्प्युटरला काहीच कळत नाही. तापमान, प्रेशर असल्या कमी-जास्त होणाऱ्या गोष्टींसाठी ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल. शून्यापासनं सुरू न करता ४ पासून सुरू करायची कल्पना मला फार आवडते, कारण प्रेशर शून्य असलं तरी ४ येतात, आणि खरोखर शून्य आलं की समजायचं वायर तुटली. हा सिग्नल घ्यायची सोय बहुतेक कॉम्प्युटरला थेट नसते, त्याला वेगळं मॉड्यूल लागतं.

यूएसबीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. माऊस, कीबोर्ड, पेनड्राईव्ह, लायसन्सचं डोंगल, इथपर्यंत ठीक. पण "कॉम पोर्ट नाही तर काय झालं, यूएसबीतनं सिरियल करणारी केबल मिळते की" हे ऐकलं की मला काळजी वाटते. घरी टेबलावर ती केबल छान चालते. शॉपमध्ये प्रेस हाणतोय, जमीन थरथरतीय, आणि साध्या यूएसबीला धरून ठेवायला स्क्रू नाही. जरा ढिली झाली, पुन्हा लागली, सफाईवाल्यानं काढून दुसऱ्या भोकात घातली, की विंडोज तिला कॉम ३ ऐवजी कॉम ७ म्हणायला लागतो आणि सॉफ्टवेअर कॉम ३ वर वाट बघत बसतं. एका वजनकाट्यावर भर सीझनमध्ये उसाच्या ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, त्याचं कारण एवढंच निघालं. काट्याची वायर ९ पिनांच्या पोर्टला दोन स्क्रूनी आवळलेली असती तर हे झालंच नसतं.

वीज जिथनं आत येते तेही एक पोर्टच आहे. डेस्कटॉपला २३० व्होल्ट, ह्या डब्यांना बहुतेक ९ ते ३६ व्होल्ट डीसी, स्क्रूचं टर्मिनल असलेलं. पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा सप्लाय असतोच, त्यावर चालतो, मोठी मोटर सुरू होताना २४ चे १८ झाले तरी बंद पडत नाही. आणि पंखा का नाही, तर बिडाच्या मशीनिंगची काळी धूळ, तिच्यात लोखंड आणि ग्राफाईट दोन्ही, दोन्ही वीज वाहून नेणारे. पंखा ती धूळ ओढून मदरबोर्डवर नेऊन बसवतो. बिनपंख्याच्या डब्यात सगळं अंगच उष्णता बाहेर टाकतं, म्हणून त्यावर फाईली ठेवायच्या नाहीत हे ऑपरेटरला सांगून ठेवायला लागतं.

आता उद्या वाढवायचं झालं तर. ह्याला एक्सपान्शन म्हणतात, आणि कोटेशन बघताना लोक हे पान उलटून पुढं जातात.

आत कार्ड घालायच्या जागा दोन तऱ्हेच्या. मोठ्या डब्यात लांब स्लॉट असतात. जुने पीसीआय, १९९२ चे, आणि नवे पीसीआय एक्स्प्रेस, २००३ चे. नाव सारखं वाटतं पण कार्ड एकमेकांत बसत नाही. तुमच्याकडं एखादी जुनी टेस्टिंग मशीन असेल आणि तिचं कार्ड पीसीआयचं असेल, तर कॉम्प्युटर मेल्यावर बाजारातला नवा डेस्कटॉप उपयोगाचा नाही, त्यात तो स्लॉट नसतो, पण इंडस्ट्रियल कॉम्प्युटर बनवणारे अजून तो देतात. लाखोंच्या मशीनीचा जीव कधी कधी त्या एका स्लॉटावर असतो, म्हणून जुनी मशीन भंगारात द्यायच्या आधी हे एकदा विचारा. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये लेन असतात, एक, चार, आठ, सोळा, हायवेच्या लेनसारख्याच, जास्त लेन तेवढी जास्त वाहतूक एकदम. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटला एका लेनीतनं सेकंदाला जवळपास १ जीबी जातं. फसगत होते ती अशी की स्लॉट दिसायला सोळा लेनीचा लांब, पण आत वायरिंग चारच लेनींचं. कार्ड बसतं, चालतं, नुसतं हळू चालतं. माहितीपत्रकात "सोळा लेनीचा स्लॉट, चार लेनींचा सिग्नल" असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचा.

लहान डब्यात मिनी पीसीआय एक्स्प्रेस आणि एम डॉट टू ह्या छोट्या जागा असतात. मिनीचं कार्ड ३० बाय ५१ मिलिमीटरच्या आसपास, काडेपेटीएवढं, त्यावर ४जी मोडेम, वायफाय, जादा सिरियल पोर्ट, कॅन पोर्ट (गाड्यांत आणि मशीनींत वापरतात ते नेटवर्क) असलं काय काय मिळतं. पण एमसॅटा नावाची स्टोरेजची कार्डं दिसायला हुबेहूब अशीच, त्याच जागेत बसतात, स्क्रू पण लागतो, आणि स्लॉटला तो सिग्नल दिलेला नसेल तर कॉम्प्युटरला ती दिसतच नाहीत. एम डॉट टूला कडेला खाच असते आणि त्या खाचेच्या जागेवरनं नाव, ई बहुतेक वायफायसाठी, बी ४जी-५जी मोडेमसाठी नाहीतर सॅटा स्टोरेजसाठी, एम वेगवान एसएसडीसाठी. वर चार आकडी नंबर असतो, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, ३०४२ म्हणजे ३० रुंद, ४२ लांब. खाच जुळली म्हणजे झालं असं समजू नका, बी खाचेच्या स्लॉटला मेकरनं कुठं नुसतं यूएसबी दिलेलं असतं, कुठं सॅटा. आम्ही एकदा ४जीचं कार्ड घेऊन गेलो, बसलं, दिसलं सुद्धा, आणि मग कळलं की त्या मॉडेलमध्ये सिमचा कप्पा त्या स्लॉटला जोडलेलाच नाही, तो शेजारच्या स्लॉटला होता. म्हणून तिन्ही विचारायचं, खाच कुठली, आत सिग्नल कुठला, आणि सिम कुणाला जोडलंय. अँटेनासाठी डब्याला भोकं आहेत का हे चौथं, लोखंडी पॅनेलच्या आत अँटेना ठेवून रेंज येत नाही.

काही कंपन्या स्वतःची मॉड्यूलं देतात, डब्याच्या पोटात सरकवायची, चार पोर्टचं, आठ पोर्टचं, काम सुबक होतं आणि वॉरंटीही एकाच घरची. पण ते मॉड्यूल दुसऱ्या कुणाकडं मिळत नाही, आणि आपल्याकडं मशीन पंधरा-वीस वर्षं चालवायची असते. मी शक्यतो सर्वांकडं मिळणारा स्लॉटच निवडतो.

आणि खरं सांगू का, वाढवायचं सगळं डब्याच्या आतच व्हायला पाहिजे असं नाही. हल्ली मी पुष्कळदा बाहेर वाढवतो. पॅनेलमधल्या ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर, डिन रेलवर, एक छोटं मॉड्यूल बसवायचं, त्याला सेन्सरच्या वायरी, आणि तिथनं कॉम्प्युटरपर्यंत एकच लॅनची वायर. सिरियल पोर्टांचंही असंच उपकरण मिळतं, मशीनीजवळ बसतं आणि लॅनवरनं बोलतं. मशीनीजवळच्या वायरी मशीनीजवळ राहतात, काही जळलं तर ते छोटं मॉड्यूल बदलायचं, कॉम्प्युटर उघडायला लागत नाही, आणि उद्या कॉम्प्युटर बदलला तरी वायरिंगला हात लावायचा नाही. नवीन शेड असेल तर मी हेच सांगतो. जुन्या शेडमध्ये, चार-पाचच गोष्टी जवळजवळ असतील, तर डब्यावरचीच पोर्ट बरी पडतात.

बिनवायरीचं थोडक्यात. पत्र्याची शेड, लोखंडाचे ढीग, फिरणारी क्रेन, ह्यात वायफाय एका जागी येतं आणि दोन पावलांवर जातं, त्यामुळं ज्या सिग्नलवर मशीन थांबणार किंवा चालणार तो वायफायवर टाकायचा नाही, नुसतं बघायचं असेल तर चालेल. ४जी मात्र ठेवाच, आणि जमलं तर दोन सिमचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद होता, तेव्हा ज्यांच्या कॉम्प्युटरला बाहेरनं हात लावता येत होता त्यांचं काम घरात बसून निघालं. त्याच्या जोडीला वॉचडॉग आहे का विचारा, कॉम्प्युटर अडकून पडला तर तो स्वतःच रिस्टार्ट करणारा टायमर असतो, पुरात कोण जाऊन बटण दाबणार?

दादांच्या कागदावर परत येतो. आम्ही प्रत्येक ओळीपुढं पोर्ट लिहिलं. मीटर आणि तापमानाचा डिस्प्ले, दोन्ही मॉडबसवाले, दोन आयसोलेटेड आरएस-४८५ वर वाटले, म्हणजे भट्टीकडची माळ बंद पडली तरी दुसरी चालू राहील. स्पेक्ट्रोमीटर लॅनवर. सीएनसी १५ मीटरच्या फार पलीकडं आणि दुसऱ्या शेडमध्ये, म्हणून तिथं सिरियलचं लॅन करणारं छोटं मॉड्यूल आणि मध्ये फायबर. मिक्सर डीआयओवर. कॅमेऱ्यासाठी पीओईचं कार्ड पुढच्या वर्षी, पण त्याला चार लेनींचा एक स्लॉट आत्ताच रिकामा असलेलं मॉडेल निवडलं. प्रोसेसर साधाच राहिला, सहा मीटरचे आकडे दर पाच सेकंदाला वाचायला तो भरपूर आहे, कॅमेरा आला की तेव्हा बघू.

राहिला वजनकाटा. त्याच्या केबिनपासून ऑफिस ऐंशी पावलं, आरएस-२३२ तिथवर पोचत नाही. दादा म्हणाले, काट्याच्या इंडिकेटरच्या मागं बघून येतो, आणि टॉर्च घेऊन गेले. दहा मिनिटांनी फोटो पाठवला, इंडिकेटरच्या मागं धुळीखाली आणखी एक न वापरलेलं टर्मिनल होतं, त्यावर ए, बी आणि ग्राऊंड लिहिलेलं.